आर्चीची बुलेट आणि परश्याचा हात

'सैराट' (२०१६) म्हटलं की सगळ्यांना आर्चीची बुलेट नि ट्रॅक्टर आठवतो. मला आठवतं ते हैदराबाद. तिथे आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, परश्या डोशाच्या टपरीवर तव्याशी उभा! (आमच्या वेळचे नायक झाडाभोवती फिरण्यापलीकडे काही करत नसत.) वाटलं, सुटली पोरं. पण संशय आला मात्र, हा गरीब स्वभावाचा परश्या तिच्यावर सरळ हात उचलतो. ज्या पाटलाच्या घरातून ती पळाली, तिथला पुरुष याच्यातही निघालाच की! नागराज मंजुळेंनी ते लपवलं नाही, हे मला फार पटलं. बुलेटचं कौतुक सगळ्यांनी केलं. त्या माराबद्दल आमच्या घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. नातीने तेवढं विचारलं, "आजी, मग ती परत का आली गं?"