राहिलेले अडीच किलो

गतवर्षीं दिवाळीच्या सुमारास आमच्या उजव्या गुडघ्यानें असहकार पुकारला. संध्येस मांडी घालून बसावें, तर उठतांना कोणाचा तरी हात लागे. डॉक्टरांनीं काट्यावर उभें केलें. काटा ८६ किलोंवर स्थिरावला. "गुरुजी, ७२ वर या, गुडघ्याचें मग पाहूं," एवढेंच ते म्हणाले. वजन एक किलो उतरलें, तर चालतांना दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो, हें गणितही त्यांनींच सांगितलें. गणित म्हटलें कीं आम्हांस हुरूप येतो.

तळेघरास राहणाऱ्या माणसास फिरावयास जागा शोधावी लागत नाहीं. भीमाशंकराकडे जाणारी सडक गांवांतूनच गेली आहे. पहाटेचें धुकें, वाटेंत हिरड्याचीं झाडें, सोबतीस काठी. साखर सोडली, भात निम्म्यावर आणला, नाचणीची भाकरी धरली. फाल्गुनापर्यंत साडेअकरा किलो उतरले, आणि आम्ही घरांत थोडेसे असह्य झालों. म्हणजे येईल त्यास आहारशास्त्र सांगूं लागलों.

तेथेंच, ७४.५ वर, काटा थिजला. एक आठवडा नव्हे, नऊ आठवडे. आहार तोच, रस्ता तोच, आंकडाही तोच!

यानंतर आम्हीं जें केलें तें सांगावयास लाज वाटते. परंतु तें गाळून हा लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं. एके दिवशीं पानावर बसलों असतां, सर्वांदेखत, आम्हीं थोरल्या सूनबाईस विचारलें, "फोडणीच्या वेळीं हात सैल सुटतो काय?" ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून मात्र फोडणीपूर्वीं तेलाची वाटी आणून ती आम्हांस दाखवी, आणि मग आंत जाई. चेहऱ्यावर राग नसे. म्हणून तें अधिकच लागे.

मग आम्ही ग्रंथांकडे वळलों. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, २१ व्या अध्यायांत, अतिस्थूलाचा विचार आहे. स्थौल्य घालवूं इच्छिणारानें जागरण, व्यायाम, चिंता इत्यादि गोष्टी क्रमाक्रमानें वाढवाव्या, असें तेथें सांगितलें आहे. पैकीं जागरण व चिंता यांची वाढ आमच्याकडे आपोआपच झाली होती! व्यायाम तेवढा कार्तिकांत होता तोच वैशाखांत होता. ८६ किलोंचा देह त्या सडकेवरून वाहून नेण्यास जें इंधन लागे, तें ७४.५ किलोंच्या देहास कोठून लागणार?

शिवाय देह स्वतःही काटकसर करतो. अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं १९४४-४५ मध्यें ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीनें, अर्धपोटीं ठेवून पाहिलें. २४ आठवड्यांत त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पण त्याबरोबर नाडी मंदावली, हालचाल कमी झाली, आणि विश्रांतींतही शरीर पूर्वींपेक्षां पुष्कळ कमी ऊर्जा खर्चूं लागलें. आमची उपासमार कांहीं तशी नव्हती. तथापि दुपारीं अंगणांत येरझारा घालणारे आम्ही अलीकडे आरामखुर्ची सोडीत नव्हतों, हें तें वाचतांना ध्यानांत आलें.

शाळेंत आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. आतां स्वतःची घातली. तोंडांत जाईल तें सारें आठवडाभर लिहिलें. साखर आम्हीं सोडली होती ती फक्त घरीं! वाटेवर जुन्या विद्यार्थ्यांचीं घरें. "गुरुजी, घोटभर घ्या," असें कोणी म्हटलें कीं मोडवत नसे, आणि तो घोट गोडच असे. रात्रीं वाचतां वाचतां भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ होत असे, ती निराळीच. काट्यावर घातली तेव्हां ३० ग्रॅम भरली. म्हणजे सुमारें १७० कॅलरी, अर्ध्या तासाच्या फिरण्याचा हिशेब एका मुठींत बुडाला. आणि ती मूठ एकच असे, असेंही वही म्हणत नव्हती.

वही आम्हीं सूनबाईच्या हातीं दिली आणि म्हटलें, "चूक आमची होती." तिनें दोन पानें चाळलीं.

"मामंजी, महिन्यांत शेंगदाण्यांचा डबा दोनदां भरावा लागला, तेव्हांच मला समजलें होतें."

"मग बोलली कां नाहींस?"

"तुम्हीं विचारलें तें फोडणीचें."

यावर उत्तर नव्हतें. चहा आतां बिनसाखरेचा मागतों. यजमानांस प्रथम वाईट वाटलें, आतां संवय झाली. शेंगदाणे मोजून दहा. आठवड्यांतून दोनदां सपाट सडक सोडून चढाची वाट धरली होती. पाऊस लागल्यापासून ओसरीच्या पायऱ्यांवरच चढउतार चालते. वजन रोज पाहणें सोडलें, रविवारीं तेवढें पाहतों. श्रावणांत काटा ७३ वर आला आहे. उरलेला एक किलो केव्हां जाईल तें जाईल. संध्येहून उठतांना हात मात्र मागावा लागत नाहीं.

तेलाची वाटीही आतां पुढें येत नाहीं. ती यावयाची थांबली त्या दिवशीं वजन किती होतें, तें वहींत लिहावयाचें राहून गेलें.