कोऱ्या कागदावरचा शिक्का

सकाळी मोबाईल उघडला तो कर्जाच्या अनाहूत संदेशांनी तुडुंब. ते पुसता पुसता एका स्नेह्याचे पत्रही पुसले गेले. खिन्न मनाने बिदरला बहमनी सुलतानाचा वजीर महमूद गावान याच्या १४७२ मधील मदरशाच्या उरलेल्या एकुलत्या मनोऱ्याखाली, निळ्या-हिरव्या चकाकत्या तुकड्यांकडे पाहत उभा राहिलो. ज्या वजिराने जामीसारख्या दूरदेशीच्या कवीशी पत्रांतून स्नेह जोडला, त्याच्याच शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर वैऱ्यांनी बनावट मजकूर लिहविला, आणि खातरजमा न करता सुलतानाने १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद करविला. सायंकाळी भालकीचा एक लिहिता मित्र, आजवर केवळ अक्षरांतून परिचित, प्रथमच भेटला. बशीतला चहा निवला तरी बोलणे सरेना. मैत्रीवर शिक्कामोर्तब होते ते प्रत्यक्ष भेटीतच.