लाकडाची भांडी

काटवट. सोलापूरकडची ज्वारीची भाकरी हिच्यात मळायची. एकाच ओंडक्यातून कोरलेली, जड, सपाट बुडाची. आधणाचं पाणी ओतलं तरी बाहेरून चटका बसत नाही, तळहाताच्या रेट्याने जागची हलत नाही. तडा गेला की सुतार पत्र्याची पट्टी ठोकून द्यायचा, आणि पट्ट्या मोजून तिचं वय सांगता यायचं. आता स्टीलची परात.

चिपटं, मापटं, शेर, आधोली, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि लोखंडी कडी बसवलेली लाकडी मापं खळ्यावरून अडगळीत गेली.

बिबळ्याच्या लाकडाचा पेला. रात्री पाणी भरून ठेवायचं. सकाळी ते तांबूस पिवळं होतं, उजेडात निळी झाक मारतं. मधुमेहावरचा म्हणून विकतात. औषधं सोडून त्यावर विसंबू नये, पण पेला म्हणून तो देखणा आहे.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत आता लाकूड दिसतं ते पॅलेटचं आणि पॅकिंगच्या खोक्यांचं. चहा कागदी कपात, पाणी जारमधलं. मोहोळकडच्या गावांतून शिफ्टला येणाऱ्यांच्या घरी माळ्यावर मात्र एखादी काटवट अजून निघते.

लाकडी भांड्याला दूरदेशीही मान होता. अँडीज पर्वतातल्या इंका लोकांचे ‘केरो’ नावाचे लाकडी पेले जोडीनेच घडत. चिचा, म्हणजे मक्याची दारू, एकट्याने प्यायची नसे: एक पेला आपला, एक समोरच्याचा, दोन्ही एकाच मापाचे. स्पॅनिश अंमलात त्यांवर रंगीत चित्रं आली. मोपा-मोपा झाडाची राळ रंगवून, ताणून पातळ करायची आणि लाकडात कोरलेल्या खोबणीत बसवायची. राजे, फुलं, पोपट, नांगरणी. कुस्कोच्या इंका संग्रहालयात या पेल्यांचा मोठा संग्रह आहे. त्याच राळेवर चालणारी कोलंबियातल्या पास्तोची कला युनेस्कोने २०२० साली तातडीने जपायच्या यादीत घेतली.

काटवटीवर चित्र नाही, म्हणून ती जपण्याजोगी कुणाला वाटली नाही. हे मला पटत नाही. मळून मळून तिच्या मधोमध जो गुळगुळीत खळगा पडतो, तो सासू-सुनांच्या हातांनी पाडलेला असतो. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी वेचून संग्रहालय उभं केलं, ते अशाच घरगुती वस्तूंना मोल देऊन.

माळा आवराल तेव्हा लाकडी भांडं सरपणात घालू नका. लाकूड कोणतं, घडवलं कुणी, वापरायचं कोण, एवढं चिठ्ठीवर लिहून बुडाला चिकटवा. सांगणारी माणसं घरात आहेत तोवर विचारून घ्या.