फौज कोणाची?

कांहीं शहरांचा स्वभाव तेथील देवळांनीं घडविलेला असतो, कांहींचा पेठांनीं. आमच्या शहराचा फौजांनीं घडविला आहे. ज्याचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर आहे आणि जुन्या माणसांच्या तोंडीं अजून औरंगाबाद असेंच आधीं येतें, तें हें गांव १६१० सालीं मलिक अंबर या हबशी सेनापतीनें खडकी म्हणून वसविलें. पुढें येथें मोंगलांचे तळ पडले, निजामाचे रिसाले आले, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील पलटणींसाठीं छावणी बसली. आणि ती छावणी आजही आहे. जेथें फौज नित्य डोळ्यांसमोर असते, तेथें लोक तिचे गणवेश ओळखतात, तिची शिस्त वाखाणतात, तिच्या बँडामागें मुलें धांवतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ही फौज कोणाची? जो पगार देतो त्याची, जो हुकूम देतो त्याची, कीं ज्यांच्या घरांतून तिचे शिपाई आले त्यांची?

या प्रश्नाचीं तीन उत्तरें आमच्या शहरानें पाहिलेलीं आहेत, आणि तिन्ही महाग पडलेलीं आहेत. पहिलें मलिक अंबराच्याच काळचें. गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष स्वतःच्या कर्तृत्वानें निजामशाहीचा आधार झाला आणि मोंगलांना त्यानें वर्षानुवर्षें दक्षिणेंत पाय रोवूं दिला नाहीं. परंतु फौज त्याची होती, आणि गादीवरचा निजामशहाही त्यानेंच बसविलेला होता. १६२६ सालीं अंबर वारला. पुढें त्याचा पुत्र फत्तेखान यानें आपल्याच धन्याचा जीव घेतला, एका पोराला गादीवर बसविलें, आणि १६३३ सालीं दौलताबादचा किल्ला मोंगलांच्या स्वाधीन केला. फौज सेनापतीची असली म्हणजे राज्याचें आयुष्य एका माणसाच्या इमानाएवढें असतें. आणि इमान कांहीं वंशपरंपरेनें मिळत नाहीं.

दुसरें उत्तर १८५७ सालचें. हैदराबाद कंटिंजंट या नांवाची फौज निजामाच्या पैशावर पोसली जाई, अधिकारी मात्र इंग्रज. तिच्या खर्चासाठीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत गेला होता. १८५७ च्या जूनमध्यें येथील रिसाल्यांतील स्वारांच्या कानीं आलें कीं, आपल्याला दिल्लीच्या बादशहावर नेणार आहेत. ते बिथरले आणि त्यांनीं जाण्याचें नाकारलें. पुण्याहून इंग्रजांची फौज आली. पकडलेल्यांपैकीं कांहींना फांशीं दिलें, कांहींना तोफेच्या तोंडीं दिलें. ज्या काळ्या चबुतऱ्याशीं ही आठवण जोडलेली आहे, त्या जागेला आज क्रांति चौक म्हणतात. पैसा एकाचा, हुकूम दुसऱ्याचा आणि मन तिसऱ्याकडे, अशा फौजेंत शिपायाला प्रामाणिक राहावयाची वाटच उरत नाहीं. कोणाशीं तरी तो बेइमान ठरणारच.

तिसरें उत्तर आमच्या वडीलधाऱ्यांनीं स्वतः भोगलेलें. १९४८ सालीं हैदराबाद संस्थानांत दोन फौजा होत्या. एक जनरल अल इद्रूस यांच्या हाताखालील निजामाची कवायती फौज. दुसरी इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची, कासीम रझवी या लातूरच्या वकिलाच्या शब्दावर चालणारी रझाकारांची. पहिली राज्याच्या कायद्यानें बांधलेली होती, दुसरीला कोणताच कायदा नव्हता. आणि खेड्यापाड्यांत दरारा दुसरीचाच. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारताचें सैन्य संस्थानांत शिरलें. १७ तारखेस निजामानें लढाई थांबविल्याचें जाहीर केलें, आणि दुसऱ्या दिवशीं इद्रूस यांनीं मेजर जनरल चौधरी यांच्यापुढें शरणागति पत्करली. पक्षाच्या फौजेनें प्रजेवर दहशत बसविली, राज्य मात्र तिला पांच दिवसही राखतां आलें नाहीं. मागाहून त्या पक्षाशीं कसलाही संबंध नसलेल्या कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांनाही सूडापायीं त्याची किंमत मोजावी लागली, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

हा जुना हिशेब आज पुन्हा मांडण्यास कारण घडलें तें असें. आमच्या शेजारचा मुलगा येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेंत शिकतो. महाराष्ट्रांतील मुलांनीं सैन्यांत अधिकारी व्हावें म्हणून राज्य सरकारनें १९७७ सालीं ही संस्था आमच्या शहरांत काढली. येथून खडकवासल्याच्या प्रबोधिनींत जावयाचें, ही त्याची उमेद. मुलगा वाचणारा आहे. सुटीवर आला असतां एके संध्याकाळीं आजोबांना घेऊन तो आमच्याकडे आला आणि बोलतां बोलतां म्हणाला, "काका, पाकिस्तानांत १९५८, १९७७ आणि १९९९, अशा तीन वेळां सेनापतींनीं राज्य बळकावलें. चीनमध्यें तसें एकदांही झालें नाहीं. कारण तिथें फौज पक्षाचीच आहे. मग ती पद्धत चांगली नाहीं का?"

आजोबांनीं रझाकारांचे दिवस लहानपणीं पाहिलेले. ते एवढेंच म्हणाले, "बाळा, फौज पक्षाची, हें कळलें. पण मग पक्षांत नाहींत त्यांचें कोण?"

मुलगा गप्प बसला नाहीं, आणि बसावयासही नको होता. त्याचा प्रश्न खरा आहे, आणि रझाकारांचा दाखला दिल्यानें तो मिटत नाहीं. रझाकार ही घाईनें जमविलेली झुंड होती. चिनी कम्युनिस्ट पक्षाची फौज विचारपूर्वक घडविलेली आहे. १ ऑगस्ट १९२७ रोजींच्या नानचांग येथील उठावापासून ती आपला जन्म मोजते. त्याच वर्षीं माओनें आपल्या तुकड्यांतून पक्षाच्या शाखा बांधण्यास आरंभ केला. डिसेंबर १९२९ मध्यें गुतियान या गांवीं भरलेल्या परिषदेनें ठरविलें कीं, लढणें एवढेंच या फौजेचें काम नव्हे. लोकांत पक्षाचें कार्य करणें हेंही तिचेंच काम आहे. १९३८ सालीं माओनें याचें सूत्र करून ठेवलें, कीं बंदूक पक्षाच्या आज्ञेंत असावी, पक्ष बंदुकीच्या आज्ञेंत कधींही जाऊं नये. प्रत्येक मोठ्या तुकडींत सेनानायकाच्या बरोबरीचा राजकीय अधिकारी असतो, आणि महत्त्वाचे निर्णय दोघांनाही पक्षसमितींत बसून घ्यावे लागतात.

या फौजेचें तेज एका मराठी माणसानें फार जवळून पाहिलें. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांत होते, नागपूरचे डॉ. चोळकर हे त्यांचे एक सहकारी. ज्या आठव्या फौजेंत कोटणीसांनीं शस्त्रक्रिया केल्या, ती कागदोपत्रीं चँग कै-शेकच्या राष्ट्रीय सरकारची होती, प्रत्यक्षांत कम्युनिस्ट पक्षाची. १९४१ मध्यें ते बेथ्यून यांच्या नांवानें चाललेल्या तिच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. १९४२ च्या जुलैमध्यें पक्षाचे सभासद झाले. आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच वारले. सोलापूरचा हा सुशिक्षित तरुण कोणाच्या धाकानें त्या पक्षांत गेला नाहीं. शेतकऱ्याच्या सुईदोऱ्यालाही हात लावूं नये, कैद्याला छळूं नये, हे त्या फौजेचे नियम होते आणि ते पक्षानें शिकविले होते. रयतेला उपद्रव देऊं नका, अशी ताकीद शिवछत्रपतींनीं चिपळूणकडील आपल्या अंमलदारांस दिली होती. तिचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां मराठी माणसांना या शिस्तीचें मोल वेगळें समजवावयास नको. आपण कोणासाठीं लढतों हें शिपायाला कळलें पाहिजे, एवढा भाग आम्हांस पूर्णपणें मान्य आहे.

परंतु कोटणीस वारले तेव्हां तो पक्ष देशाचा मालक झालेला नव्हता. १९४९ सालीं तो झाला. राज्य आलें, तरी फौज राज्याची झाली नाहीं. ती पक्षाचीच राहिली. १९८२ च्या राज्यघटनेनें राज्याचें म्हणून एक केंद्रीय लष्करी मंडळ स्थापिलें खरें, पण त्यांत बसणारे सभासद तेच, जे पक्षाच्या मंडळांत बसतात. डेंग झियाओपिंग हे पक्षाचे सरचिटणीस नव्हते कीं राष्ट्राध्यक्षही नव्हते. नोव्हेंबर १९८९ पर्यंत ते पक्षाच्या लष्करी मंडळाचे अध्यक्ष मात्र होते, आणि शेवटचा शब्द त्यांचाच चाले. येथें माओचें सूत्र कसें उलटतें तें पाहावें. पक्ष बंदुकीवर हुकमत चालवितो, आणि बंदूक ज्याच्या मंडळाच्या हातीं, तो पक्षावर हुकमत चालवितो.

म्हणूनच अशा राज्यांत पक्ष आपल्या फौजेकडे निर्धास्तपणें पाहूं शकत नाहीं. रशियांत १९१८ सालापासून सेनानायकांवर नजर ठेवण्यास राजकीय अधिकारी नेमलेले होते. तरीही १९३७ सालीं मार्शल तुखाचेव्हस्कीला गोळी घालण्यांत आली, आणि त्या वेळच्या पांच मार्शलांपैकीं तिघे दोन वर्षांच्या आंत नाहींसे झाले. बर्लिन जिंकणाऱ्या झुकोव्हनें १९५७ च्या जूनमध्यें क्रुश्चेव्हची खुर्ची वांचविली. त्याच ऑक्टोबरमध्यें क्रुश्चेव्हनें त्याला मंत्रिपदावरून काढलें. चीनमध्यें १९६९ सालीं लिन बियाओ या सेनानीला माओचा वारस म्हणून पक्षाच्या घटनेंतच नेमलें. १९७१ सालीं तो विमानांतून पळून जात असतां मंगोलियांत मरण पावला. पोलंडमध्यें १९८१ सालीं पक्षाच्या गादीवर जनरल यारुझेल्स्की हा सेनापतीच बसला आणि त्यानें देशावर लष्करी कायदा लादला. हें सारें मागल्या शतकांतलें, असें कोणी म्हणेल, तर १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं चीनमध्यें लष्करी मंडळाच्या एका उपाध्यक्षासह नऊ वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना पक्षांतून काढल्याचें जाहीर झालें आहे. मुलानें म्हटल्याप्रमाणें तेथें सेनापति राज्य घेत नाहींत, हें खरें. पण घरांत चोर शिरूं नये म्हणून ज्यानें रात्रभर जागावें, त्याला झोंप लागते असें कोणी म्हणणार नाहीं.

तथापि राज्यकर्त्यांची झोंप ही आमची मुख्य चिंता नव्हे. आजोबांचा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि त्याचें उत्तर एका शिपायाच्या चरित्रांत आहे. १९८९ च्या मे महिन्यांत पेकिंगच्या चौकांत विद्यार्थी जमले होते. अडतिसाव्या सेनेचा प्रमुख जनरल शू चिनशियान यास आपली फौज राजधानींत नेण्याचा तोंडी हुकूम मिळाला. त्यानें ती स्वतः नेण्याचें नाकारलें. त्यानें बंड केलें नाहीं, एकही बंदूक पक्षाकडे वळविली नाहीं. एवढ्या मोठ्या निर्णयाचा विचार राज्याच्या संस्थांत व्हावा, असें त्याचें म्हणणें होतें. पण त्याला दाद मागावयाची तर ती कोणाकडे? हुकूम पक्षाचा, संस्था पक्षाच्या, न्यायासनही पक्षाचेंच. त्याला पक्षांतून काढलें, पांच वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच्यावांचून ती फौज राजधानींत गेलीच. ४ जूनच्या पहाटेपर्यंत काय घडलें तें जगाला ठाऊक आहे. शू २०२१ सालीं शिजियाझुआंग शहरांत वारला. आमच्या कोटणीसांची समाधि त्याच शहरांत आहे. एकाला त्या फौजेनें हुतात्म्याचा मान दिला, दुसऱ्याला तिनें कैदी केलें. आणि दोघेही आपापल्या परीनें लोकांसाठींच उभे राहिले होते, असें आम्ही मानतों.

आम्हांस वाटतें, मुलाला द्यावयाचें उत्तर हेंच आहे. फौज पक्षाच्या हातीं दिल्यानें मलिक अंबराच्या मुलाचा धोका टळत असेल. पण त्याबरोबर राज्य नांवाची तिसरी जागा नाहींशी होते. पक्ष चुकला तर 'हें चूक आहे' असें शिपायानें म्हणावें आणि त्याचें कोणीतरी ऐकावें, अशी ती जागा असते. तो सैन्यांत अधिकारी होईल तेव्हां जी शपथ घेईल, ती कोणा पुढाऱ्याच्या नांवाची नसेल, कोणा पक्षाच्याही नसेल; ती भारताच्या राज्यघटनेशीं निष्ठेची असेल. राष्ट्रपति हे त्याचे सरसेनापति; सरकार कोणत्याही पक्षाचें आलें तरी त्याचा हुकूम त्यानें मानावयाचा; आणि १९५० च्या लष्करी कायद्यानें त्याच्या स्वतःच्या राजकीय संघटनांतील सहभागावर बंधन आहे. हें बंधन त्याला जाचक वाटेल. परंतु त्याच बंधनामुळें मत देतांना आम्हांस त्याच्या बंदुकीचें भय वाटत नाहीं, आणि निवडणुकीचा निकाल लागल्यावर त्याला आपली निष्ठा बदलावी लागत नाहीं.

या बंधनाची राखण केवळ छावणींत होत नसते. आमच्यासारख्या सुखवस्तु घरांतून जेवतां जेवतां 'कांहीं वर्षें देश लष्कराच्या हातीं द्यावा' असें एकजण म्हणतो, 'एकच खंबीर पक्ष असावा' असें दुसरा म्हणतो, आणि सैनिकाचें शौर्य आपल्या पक्षाच्या सभेंत विकणारा तिसरा तर आतां कोठेंही भेटतो. हे तिघेही एकाच भिंतीची एकेक वीट काढीत असतात. ज्या घरांतील मुलगा फौजेंत जात आहे, त्या घरानें तरी असें बोलूं नये, आणि शेजाऱ्यांनीं बोललें तर टोकावें. उद्यां हुकूम पाळण्याची वेळ त्या मुलावर येणार आहे. तो हुकूम कोणाच्या नांवानें यावा, हें ठरविणें मात्र आज आपल्या हातीं आहे.