मागची सीट

गाड्यांची तुलना करणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. एका वेबसाइटसाठी मी 'ही गाडी घ्यावी की ती' अशा धर्तीचे लेख लिहिते. इंजिन, ताकद, डिकी, किंमत आणि शेवटी निकाल, असा साचा ठरलेला. लेख वाचून गाडी घेणारा माणूस मात्र मला कधी दिसत नाही. या वर्षी तो पहिल्यांदा दिसला. तो माझा मामा होता.

मामा साठीला टेकलाय. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत त्याचं लेथचं वर्कशॉप होतं. तेहतीस वर्षं चालवून मागच्या वर्षी त्याने शेड विकली. कर्ज फिटलं, मुलीचं लग्न आधीच झालं होतं. उरलेल्या पैशांचे त्याने दोन भाग केले. एक एफडीत टाकला आणि दुसऱ्याबद्दल म्हणाला, "हा माझा. यातून मी स्पोर्ट्स कार घेणार."

त्या वर्कशॉपचे हिशेब तेहतीस वर्षं मामीने लिहिले होते. "माझा" हा शब्द ऐकून ती काही बोलली नाही, पण पुढचे बरेच दिवस घरात चहाचे कप जरा जोरातच आपटत होते.

मामाने दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. पोर्शे ९११ कॅरेरा आणि जॅग्वार एफ-टाइप व्ही८. दोन्ही २०२० सालच्या, दोन्ही सेकंडहँड, दोन्ही मुंबईत. "तू हेच काम करतेस ना? मग मला नीट तक्ता करून दे," त्याने फोनवर फर्मावलं.

दोन्ही गाड्यांची घराणी मोठी. ९११ पहिल्यांदा १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली ती ९०१ या नावाने. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला, म्हणून शून्याच्या जागी एक आला. एफ-टाइपचा वारसा १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपचा. ती स्वतः २०१३ मध्ये बाजारात आली, तोवर जॅग्वार टाटांकडे येऊन पाच वर्षं झाली होती. मामाच्या लेखी ही फार मोठी गोष्ट. "शेवटी आपल्या टाटांची गाडी," असं तो तीन वेळा म्हणाला.

खरी गंमत आकड्यांत होती. एफ-टाइपच्या ५ लिटर इंजिनची ताकद ४५० पीएस. ९११ चं इंजिन ३ लिटरचं, ताकद ३८५ पीएस. तरी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला कंपनीच्या आकड्यांनुसार ९११ ला ४.२ सेकंद लागतात आणि एफ-टाइपला ४.६. मामाला हे पटेना. "जास्त ताकदीची गाडी मागे कशी पडेल?"

मी त्याला सायकलचं उदाहरण दिलं. मागच्या कॅरिअरवर गॅस सिलिंडर बांधून सायकल चालवली की मागचं चाक रस्त्याला घट्ट धरून राहतं. ९११ चं इंजिन असंच मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं असतं आणि गाडी ढकलण्याचं काम मागचीच चाकं करतात. त्यामुळे निघताना चाक जागेवर फिरत राहत नाही, ताकद सरळ रस्त्यावर उतरते. शिवाय तिचं वजन कमी आणि तिचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स फार चपळ. एफ-टाइपचं जड इंजिन लांबलचक बॉनेटखाली पुढे आणि ताकद जाते मागच्या चाकांना. आयुष्यभर लेथवर काम केलेल्या माणसाला वजन कुठे आहे याचं महत्त्व लगेच कळलं.

पण हे ०.४ सेकंद वापरायचे कुठे? बडोदा–अहमदाबाद एक्स्प्रेसवे आहे सुमारे ९३ किलोमीटरचा. आपल्याकडे एक्स्प्रेसवेवर कारसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १२० आणि पाटीवर त्याहून कमी असेल तर तीच खरी. दोन्ही गाड्या ती काही सेकंदांत ओलांडतात. त्यामुळे माझ्या तक्त्यात कमाल वेगापेक्षा स्पीडब्रेकरला जास्त जागा मिळाली. नियमाप्रमाणे बांधलेला स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच असतो. नियम न पाहता बांधलेले किती उंच असतात, ते तुमच्या गल्लीत तुम्ही पाहतच असाल. ९११ मध्ये बटण दाबलं की गाडीचं नाक ४ सेंटीमीटर वर उचललं जातं, पण ही सोय पहिल्या मालकाने जादा पैसे भरून घेतलेली असावी लागते. आम्ही पाहत होतो त्या गाडीत ती होती.

पुढचा प्रश्न सेकंडहँडचा. २०२० मध्ये ४० हजार डॉलरपेक्षा महाग आयात गाडीवर १०० टक्के सीमाशुल्क होतं. तो चटका पहिल्या मालकाने सोसलेला असतो, हा दुसऱ्या मालकाचा फायदा. पण अशा गाड्या बहुतेक वेळ झाकून उभ्या असतात आणि टायर न झिजताही म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे पाहा. २३२० असेल तर तो २०२० सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. ९११ चे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढचे मागे अशी अदलाबदलही करता येत नाही. ९११ चा संगणक इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं गेलं याची नोंद ठेवतो, ती काढून मागायची. राज्याबाहेरची गाडी असेल तर आरटीओची एनओसी, नव्या राज्याचा रोड टॅक्स आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या काळाच्या परताव्याचा अर्ज, हे सगळं किमतीत धरायचं.

एफ-टाइपच्या रकान्यात एक मोठी उणी बाजू होती. तिचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं आणि जॅग्वारने पुढे फक्त इलेक्ट्रिक गाड्या करायचं ठरवलंय. ९११ मात्र अजून बनते, म्हणून जुन्या ९११ लाही भाव टिकून असतो. मुंबईतली एफ-टाइप त्या ९११ पेक्षा बरीच स्वस्त मिळत होती, त्याचं कारण हेच. शिवाय ९११ ला मागे दोन छोट्या सीट आहेत, एफ-टाइपला एकही नाही. तक्ता सरळसरळ ९११ कडे झुकला. मामाही खूश झाला, कारण मागच्या सीटवर नात बसेल असं सांगून मामीला पटवता येणार होतं.

आम्ही तिघं मुंबईला गेलो. मामीचे गुडघे दुखतात. इतक्या खाली असलेल्या सीटवर आधी टेकायचं, मग दोन्ही पाय हातांनी उचलून आत घ्यायचे, अशी कसरत तिने दोन्ही गाड्यांत केली. मामा ९११ ची मागची सीट दाखवत म्हणाला, "हे बघ, इथे चिऊ बसेल. पिशव्या राहतील."

मामी शांतपणे म्हणाली, "अहो, स्कूटरवर मुलगी पुढे उभी आणि माझ्या मांडीवर तुमच्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या. ओम्नी घेतली तर मागे कास्टिंगचे नग. मोठी गाडी घेतली तर मागे सासूबाई, आणि आता चिऊ. मागची सीट असली की ती भरतेच. आपण दोघंच गाडीतून कधी गेलो, आठवतंय?"

मामाने आठवायचा प्रयत्न केला. त्याला आठवेना.

मग तिने एफ-टाइपकडे बोट दाखवलं. "हिला मागे सीटच नाही ना? मग हीच घ्या. आणि दोन्हींच्या किमतीत जो फरक आहे, त्याची एफडी माझ्या नावावर करा."

तेहतीस वर्षं हिशेब लिहिलेल्या बाईचा सौदा होता तो. मामाने मागितलेला आनंद त्याला मिळाला, तिच्या वाट्याचे पैसे तिच्या नावावर आले आणि माझ्या तक्त्यातली सगळ्यात मोठी उणी बाजू तिने जमेच्या रकान्यात नेऊन ठेवली. तक्त्यातला एकही आकडा मी बदलला नाही. ९११ आजही कागदावर सरस आहे. फक्त कागदावर "शेजारी कोण बसणार?" असा रकाना नव्हता.

म्हणून कुणी गाडीबद्दल विचारलं की मी आता आधी विचारते, घरातल्या सगळ्यांनी बसून पाहिलं का? गाडी एक कोटीची असो वा पाच लाखांची, पैसे घरातलेच जातात.

एफ-टाइप बडोद्याला आली आहे. इंजिन सुरू करताना आवाज दबका ठेवायची सोय तिच्यात आहे, त्यामुळे सोसायटीची झोप मोडत नाही. रविवारी पहाटे दोघं एक्स्प्रेसवेने आणंदपर्यंत जाऊन येतात, मर्यादेत राहून. एक फायदा मात्र माझ्या लक्षातच आला नव्हता. लग्नसमारंभाला निघताना "आम्हालाही बरोबर घेऊन चला" असं आता त्यांना कुणीच म्हणत नाही.