सावरताना बसलेला हिसका

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना पलंगावरून खुर्चीत घेत होते. अर्धांगवायूनंतर त्यांची उजवी बाजू लुळी आहे. त्यांचा पाय घसरला. मी काखेत धरून सावरलं आणि त्यांचा सगळा भार माझ्या डाव्या हातावर आला. मानेत चमक निघाली. त्या पडल्या नाहीत, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. संध्याकाळच्या पोळ्याही मीच लाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मान डावीकडे वळेना. केस विंचरायला हात वर जाईना. मग घरगुती उपाय सुरू झाले. मलम लावलं, निर्गुडीच्या पाल्याने शेकलं. शेकाने बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच. उसण उतरवणाऱ्या एका बाईंनी मान जोरात चोळली आणि कटकन वळवली. त्या रात्री कूस बदलता येईना, अंगठ्यापर्यंत मुंग्या आल्या. डावा खांदा दुखतोय, म्हणजे हृदयाचं तर नाही ना, असंही मनात आलं. ते कुणाला बोलले नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी ईसीजी काढला. तो ठीक निघाला. मग हाताची पकड पाहिली, कोपराशी हातोडीने ठोकून पाहिलं. एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली आणि मी हबकले. ते म्हणाले, "पन्नाशीनंतर मान दुखत नसलेल्यांच्या एक्स-रेतही ही दिसते. तुमचा स्नायू ताणला गेलाय, तो एक्स-रेत दिसत नाही." गोळ्या थोड्याच दिवसांच्या दिल्या. घरात मानेचा जुना पट्टा होता, तो दिवसभर घालू नका म्हणाले. मान बांधून ठेवली तर आणखी आखडते. हातातली ताकद गेली, वस्तू सुटू लागल्या किंवा चालताना तोल जायला लागला, तर मात्र त्याच दिवशी यायचं, असं बजावलं.

फिजिओथेरपीच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी विचारलं, "काकू, आजींना उठवता कसं ते दाखवा." मी त्यांनाच काखेत धरून दाखवलं. "असं ओढायचं नाही. लुळ्या बाजूचा खांदा जागचा सरकतो, आणि तुमची मानही जाते." मग त्यांनी पद्धत शिकवली. खुर्ची आजींच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावायची. चाकं असतील तर ब्रेक लावायचे. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा. त्यांचे पाय जमिनीवर नीट टेकलेले हवेत. लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा टेकू द्यायचा. त्यांना इतकं पुढे झुकवायचं, की नाक पायाच्या बोटांवर येईल. मग आपले गुडघे वाकवून, पट्टा धरून उठवायचं. पुढे झुकल्या की बराचसा भार त्या स्वतःच उचलतात, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

व्यायाम कंटाळवाणे होते. हनुवटी आत ओढायची, खांद्यांची पाती मागे जवळ आणायची, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करायचे. दोन उशांची एक केली. कपड्यांचा त्रास सर्वांत जास्त. साताऱ्याच्या आमच्या घरात दांडी उंच, कपडे काठीने वर टाकायचे. मान मागे गेली की कळ यायची. शेवटी ह्यांनी खाली दोरी बांधली. पोळ्याही बरेच दिवस त्यांनीच लाटल्या. त्या काळात आम्ही भात जास्त खाल्ला.

सासूबाई रोज म्हणायच्या, "माझ्यामुळे झालं गं." मी "नाही हो आई" म्हणायचे. ठणका लागला की मात्र त्यांचाच राग यायचा.

दिवाळीपर्यंत बराच आराम पडला. थंडीत सकाळी मान अजून धरते, मग गरम पाण्याची पिशवी घेते. आता दुपारी मदतीला एक मुलगी येते. तिचा पगार आम्हाला जड जातो. तिला पहिल्याच दिवशी पट्टा बांधायला शिकवलं, आणि आजींना उठवण्याआधी मला उठवून दाखव म्हटलं.