कोकणातील जांभा

गेल्या वैशाखात रत्नागिरीनजीकच्या सड्यावर फिरण्याचा योग आम्हांस आला. जिकडे पाहावे तिकडे तांबडा जांभा! इंग्रजीत यास ‘लॅटराइट’ म्हणतात. मलबारातील अंगाडीपुरम येथे हा दगड पाहून फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात, विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून, हे नाव योजले. ते यथार्थ होय. कारण खाणीत मऊ असणारा हा दगड हवा लागताच कठीण होतो व त्याचे चिरे विटांप्रमाणे रचता येतात.

परंतु याचा मुख्य गुण सच्छिद्रता. वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडूनही जांभा पाणी धरून ठेवीत नाही. मुळाशी पाणी साचत नाही, म्हणून हापूस येथे मानवतो. आणि त्याच गुणामुळे वैशाखात सड्यावरील पुष्कळ विहिरी आटून बायाबापड्यांस हंडे घेऊन खाली उतरावे लागते. तेथे जांभ्याखालच्या चिकण थरास अडून तेच पाणी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडलेले असते.

भूमीचा स्वभाव पालटणे मनुष्याच्या हाती नाही. पावसाळा सरताच वहाळांना बांध घालून, तिने सोडलेले पाणी अडविणे मात्र खचित आहे.